कात्रीची मर्यादा

शिंप्याच्या हाती कापड दिले म्हणजे तो ते कापणार, हे आपण गृहीतच धरतो. न कापता सदरा शिवता येत नाही. मात्र कात्री लावण्यापूर्वी तो ज्याच्यासाठी शिवायचे त्याचे माप घेतो आणि शिवून झाल्यावर ते वस्त्र त्याच्याच अंगावर घालून पाहतो. यंदा आमच्यावर कापड नव्हे, तर माणसाचे बोलणे कापण्याचा प्रसंग आला. आम्ही कापले पुष्कळ; पण माप घेतले ते दुसऱ्याच कुणाचे तरी. त्या अनुभवातून आमचे जे मत बनले, ते आमच्या शाळासोबत्यांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा घडला. आमच्या वडोदऱ्यात शाळेपासून जवळच एक लहानसे सेवाभावी मंडळ सायंकाळची अभ्यासिका चालविते. ज्यांच्या घरी पुस्तक उघडून बसावयास निवांत कोपरा नाही, अशी मुले तेथे येऊन अभ्यास करतात. जागेचे भाडे, विजेचे बिल आणि पुस्तके यांचा खर्च देणग्यांवर भागतो. नव्या वर्षासाठी निधी जमवावयाचा असल्याने दोन मिनिटांची एक चित्रफीत तयार करून द्यावी, अशी विनंती मंडळाने आमच्या नववीच्या वर्गाला केली. आम्ही सहा जणांनी ते काम मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले. मोबाईलवर तीन मुलाखती चित्रित केल्या : अभ्यासिकेत गणित शिकविणाऱ्या एका निवृत्त गुरुजींची, दहावीत शिकणाऱ्या एका दादाची आणि चार घरची धुणीभांडी करून मुलीला रोज अभ्यासिकेत पाठविणाऱ्या एका काकूंची. काकूंचे नाव आम्ही येथे देत नाही. त्या सुमारे चाळीस मिनिटे बोलल्या.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, संकलन म्हणजे नको तेवढे काढून टाकणे. वस्तुतः ते काम उलट बाजूने चालते. आम्ही प्रथम तिन्ही मुलाखतींतील प्रत्येक वाक्य वहीत उतरवून काढले आणि त्यापुढे ते कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला आले याची नोंद केली. संथपणे बोलणारा माणूस दोन मिनिटांत अडीचशे-तीनशेच शब्द बोलतो. म्हणजे वहीची पाने भरली होती तरी आम्हांस हवे होते ते जेमतेम एक पान. तेव्हा आम्ही लाल पेन्सिलीने निवडक वाक्यांखाली रेघा ओढल्या आणि उरलेले सारे सोडून दिले.

पुढची पायरी जोडणीची. दोन निरनिराळ्या ठिकाणची वाक्ये एकापुढे एक ठेवली, की पडद्यावर बोलणाऱ्याची मान एकदम झटका बसल्यासारखी हलते. हा सांधा दिसू नये म्हणून आवाज तसाच चालू ठेवून मध्येच दुसरे दृश्य दाखवितात : पुस्तकाची पाने उलटणारा हात, फिरणारा पंखा, दारात काढून ठेवलेल्या चपला. कुणी बोलत नसतानाही खोलीला स्वतःचा एक मंद आवाज असतो. तोही निराळा मुद्रित करून वाक्यांच्या फटींत भरतात, म्हणजे कानालाही जोड कळत नाही. या युक्त्यांत स्वभावतः काही पाप नाही. परंतु एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. छापील मजकुरात कुणाच्या बोलण्यातील भाग गाळला तर आपण तेथे टिंबे देतो आणि काही गाळले आहे हे वाचकाला कळते. चित्रफितीत टिंबे नसतात. जे गाळले ते कधी बोललेच गेले नव्हते, असे पाहणाऱ्यास वाटते.

आता आम्ही काय केले ते सांगतो. काकूंनी बोलता बोलता आपल्या लहानपणाची हकीकत सांगितली. वडील वारले आणि सहावीतच त्यांची शाळा सुटली. ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसून त्या पुढे म्हणाल्या, “पण मी कुणापुढे हात पसरला नाही. पोरीची महिन्याची वर्गणी एकदाही चुकवली नाही. आणि रविवारी तिथला केर मीच काढते, मला कुणी सांगितलेलं नाही.” यानंतर, मुलगी आपल्याला बसवरच्या गुजराती पाट्या कशा वाचावयास शिकविते, हे सांगताना त्या मनमोकळ्या हसल्या. शेवटी आम्ही त्यांना विचारले होते, “अभ्यासिका बंद पडली तर?” त्यावर त्या म्हणाल्या, “मग काय, अंधारच.”

आमच्या चित्रफितीत यांपैकी काय उरले? सुटलेली शाळा उरली, भरलेले डोळे उरले. त्यांच्या पुढचे “पण” हे वाक्य लांबते म्हणून गेले. हसणे विषयाला सोडून आहे म्हणून गेले. आमचा प्रश्नही गेला. कारण प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ठेवायचा नाही, असे आमचे ठरले होते. राहिले ते फक्त “अंधारच”, आणि तो शब्द आम्ही काकूंच्या घरातील गळक्या छपराच्या दृश्यावर ठेवला. खाली सारंगीचे सूर सोडले. अभ्यासिका बंद पडण्याविषयी काढलेला उद्गार जणू त्यांच्या घराचे आणि आयुष्याचे वर्णन होऊन बसला. आणि खरे सांगायचे तर आम्हांला ते फार साधले असे वाटले. आमच्यापैकी दोघांच्या डोळ्यांत पाणी आले, याचा आम्हांस अभिमानच वाटला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काकू मुलीला न्यावयास आल्या असता त्यांनी सहज म्हटले, “बघू तरी, काय केलंत ते.” आम्ही मोबाईल त्यांच्या हाती दिला. दोन मिनिटे त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “बोलले मीच, पोरांनो. पण मी एवढी बापुडी कधी झाले? आणि हे माझ्या पोरीच्या वर्गातल्या मुली बघतील ना?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही एकही शब्द खोटा घातला नव्हता, एकही दृश्य बनावट नव्हते. तरीही जे तयार झाले ते खरे नव्हते. हे कसे होते, याचा धडा चित्रपटकलेच्या इतिहासात फार पूर्वी गिरविला गेला आहे. रशियातील दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या दृश्यांना जोडून दाखविला : एकदा सूपच्या ताटलीला, एकदा शवपेटीला, एकदा खेळणाऱ्या मुलीला. चेहरा तोच, तसूभरही न बदललेला. परंतु प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी शोक, तर कधी वात्सल्य दिसले आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली, असे पुदोव्हकिन यांनी लिहून ठेवले आहे. तात्पर्य, अर्थ हा एकट्या दृश्यात नसतो. तो शेजारच्या दृश्याकडून येतो. शेजार कोणता द्यावयाचा, हे संकलकाच्या हाती असते. मोझुखिन हा नट होता. त्याच्या चेहऱ्याला काहीही जोडले तरी त्याचे काही बिघडत नव्हते. काकूंना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून कामाला जावयाचे होते.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारले, “अश्रू खोटे होते का? पैसे जमले नाहीत तर अभ्यासिकेला कुलूप लागेल. मग तुमच्या मानमर्यादेचे काय करायचे?” हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. माणसाचे मन एका चेहऱ्याने जितके द्रवते तितके आकड्यांनी द्रवत नाही, हे प्रयोगांनीही दिसून आले आहे. स्मॉल, लोवेनस्टाइन व स्लोव्हिक या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना आफ्रिकेतील लक्षावधी भुकेल्यांचे आकडे दिले, तर काहींना एकाच लहान मुलीची माहिती व छायाचित्र दिले. त्या एकट्या मुलीसाठी लोकांनी अधिक दिले. इतकेच नव्हे, तर मुलीच्या माहितीला आकड्यांची जोड दिली तेव्हा दान वाढण्याऐवजी घटले. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये इथिओपियातील दुष्काळाचे वृत्तचित्र बीबीसीने दाखविले, तेव्हा ते भुकेले चेहरे पाहून जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. पुढील वर्षी १३ जुलै रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे लाइव्ह एड हा प्रचंड संगीत-सोहळा झाला. त्या पैशांनी अन्न गेले, औषधे गेली. दुःख दाखवूच नये, असे म्हणणारा मनुष्य त्या भुकेल्यांचा मित्र ठरणार नाही.

परंतु त्या दृश्यांची दुसरी किंमतही होती आणि ती ज्यांना दाखविले त्यांनीच मोजली. आफ्रिका म्हटले की पोट खपाटीला गेलेले मूल आणि त्याला घास भरविणारा परदेशी माणूस, एवढेच चित्र कित्येक वर्षे लोकांच्या मनात घर करून राहिले. तेथील शेतकरी, शिक्षक, डॉक्टर कुणाला दिसेनासे झाले. ही चूक खुद्द मदत करणाऱ्या संस्थांच्याच ध्यानात आली आणि १९८९ साली युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी आपल्यासाठी एक आचारसंहिता मान्य केली. माणसांना केवळ दयेचा विषय करू नये, त्यांच्या परिस्थितीची पुरेशी माहिती द्यावी आणि त्यांचे म्हणणे शक्यतो त्यांच्याच तोंडून ऐकवावे, असा तिचा आशय होता. पुढे २०१२ साली नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या एका साहाय्य-संस्थेने एक विनोदी चित्रफीत काढली. तीत आफ्रिकेतील तरुण थंडीने कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेवासीयांसाठी घर तापविण्याची यंत्रे गोळा करीत गाणी गातात! आपल्याला कुणी असे दाखविले तर कसे वाटेल, हे त्या हास्यातून सहज कळते. आम्हीही ती पाहून पोट धरधरून हसलो. आणि मग आमच्या सारंगीची आठवण होऊन गप्प झालो.

तेव्हा प्रश्न दुःख दाखवावे की न दाखवावे असा नाही. एक चेहरा दाखवावयास आमची हरकत नाही. किंबहुना एकच दाखवावा, हेच बरे. आमचे म्हणणे एवढेच की, तो चेहरा अर्धा कापलेला नसावा.

यावर कुणी म्हणेल, चाळीस मिनिटांचे बोलणे एका मिनिटात आणताना माणूस अर्धा काय, पावही उरणार नाही! या शंकेचे उत्तर आम्हांस दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात सापडले. फाळके यांचे कलाशिक्षण मुंबईनंतर आमच्याच वडोदऱ्याच्या कलाभवनात झाले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपट काढावयास पैसा नव्हता आणि चित्रपटाच्या धंद्यावर कुणाचा विश्वासही नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्यांच्या वाढीची चित्रे घेतली. त्यातून मिनिटभराहून थोडीच मोठी अशी ‘अंकुराची वाढ’ ही चित्रफीत तयार झाली. ती त्यांनी निवडक लोकांना दाखविली, त्यांतील काही जण कर्ज देण्यास तयार झाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. सरस्वतीबाईंनी आपले दागिने या कामी दिले, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे.

म्हणजे पाहा, आपल्याकडे निधीसाठी चित्रफीत दाखविण्याचा हा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे! आणि फाळके यांनी त्या मिनिटासाठी किती काळ गाळला? महिन्यातील जवळजवळ सगळाच. तरीही ती खोटी झाली नाही. कारण कोंब ज्या क्रमाने फुटला त्याच क्रमाने दिसला, आणि वाढ ज्या दिशेने झाली त्याच दिशेने दिसली. आमच्या चित्रफितीत काकूंच्या आयुष्याची दिशाच उलटी झाली होती. सुटलेल्या शाळेपासून मुलीकडून पाट्या वाचावयास शिकण्यापर्यंत त्या आल्या होत्या. आम्ही त्यांना पुन्हा सहावीतल्या त्या दिवसापाशी नेऊन उभे केले आणि तेथेच सोडून दिले. लहान करणे व खोटे करणे यांतील भेद आम्हांस येथे कळला. आणखीही एक गोष्ट कळली. फाळके यांनी पैसे मागताना आपली नड दाखविली नाही. काय उगवू शकते ते दाखविले.

आम्ही कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलावयास लावला आणि काकूंच्या शेजारी बसून नव्याने जुळणी केली. आमची कल्पना होती की त्या रडण्याचा भाग काढावयास सांगतील. त्या म्हणाल्या, “ते राहू दे, ते खरंच आहे. पण पुढचंही ठेवा.” उलट, जे दृश्य आम्हांस निरुपद्रवी वाटले होते त्यालाच त्यांनी हरकत घेतली. गळके छप्पर सर्वांनी पाहिले तर घरमालक रागावेल आणि खोली सोडावयास सांगेल, ही भीती त्यांच्या मनात होती. आम्हांपैकी एकाच्याही डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. येणार तरी कशी? त्या खोलीत आम्हांला राहावयाचे नव्हते.

नवी चित्रफीत दोन मिनिटांत मावेना. तेव्हा आम्ही सारंगी काढली, आमच्या सहा जणांची नावे काढली आणि अध्यक्षांचे मनोगत, त्यांच्या परवानगीने, निम्मे केले. काकूंच्या वाट्याला वीस सेकंद अधिक आले. गुजराती उपशीर्षके त्यांच्या मुलीने त्यांना वाचून दाखविली आणि “हात पसरला नाही” याचे भाषांतर आईच्या पसंतीने ठरविले.

या साऱ्यातून आम्ही स्वतःपुरते काही नियम घालून घेतले आहेत. उत्तर प्रश्नापासून तोडावयाचे झाल्यास ते कशाचे उत्तर होते, हे पाहणाऱ्यास कळले पाहिजे. ज्या वाक्यापुढे “पण” येतो ते त्या “पण”च्या आधी कापावयाचे नाही. रडणाऱ्या माणसाखाली संगीत घालावयाचे नाही. ज्याला वाईट वाटायचे त्याला ते संगीतावाचूनही वाटते. भाषांतर ज्याचे बोलणे आहे त्याला वाचून दाखवावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, चित्रफीत देणगीदारांनी पाहण्यापूर्वी ज्याचे बोलणे आहे त्याने पाहिली पाहिजे. तीही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर “नको” म्हणावयास सवड राहील इतकी आधी. मुलाखतीपूर्वी दिलेला होकार हा बोलण्यास दिलेला होकार असतो. कापून जोडून जे तयार होते ते त्या माणसाने अजून पाहिलेलेच नसते. मग त्याला त्याने होकार दिला, असे कसे म्हणावे?

असो. निधीचे काय झाले, असे वाचक विचारतील. ठरलेल्या रकमेपैकी बराच भाग जमला, काही अद्याप जमावयाचा आहे. पहिली चित्रफीत दाखविली असती तर अधिक जमला असता काय? कदाचित जमला असता. हे आम्ही नाकारीत नाही. त्या गृहस्थांचा प्रश्न अजून आमच्या मनात आहे. परंतु अभ्यासिका ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच खाली मान घालावयास लावून ती चालवावयाची असेल, तर तिच्यात मुलांनी काय शिकावे, हाही प्रश्न आहे, आणि तो आम्हांस अधिक मोठा वाटतो.

मित्रहो, आज ही कात्री घरोघरी मोबाईलमध्ये आहे. उद्या तुम्हीही कुणाच्या तरी आजीला, शाळेच्या शिपाईकाकांना, पूरग्रस्त शेजाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवाल आणि तुमचा हेतू चांगलाच असेल. आमचाही चांगलाच होता. तेव्हा कापावयास बसाल त्या वेळी शिंप्याची आठवण ठेवा. आमच्या कार्यक्रमाला काकू मुलीला घेऊन आल्या होत्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पहिली चित्रफीत असती तर त्या आल्या नसत्या, एवढे मात्र आम्हांस नक्की ठाऊक आहे.